एच इंडेक्स वाढवून मिळतो का?

“मॅडम, एच इंडेक्स वाढवता येतो का हो?” आमच्या एमबीए डिपार्टमेंटच्या एका सरांनी मागच्या महिन्यात काउंटरवर वाकून मला विचारलं, आवाज इतका खाली की रेशनकार्डावरचं नाव कमी करायला आलेत की काय असं वाटावं. मी कोल्हापूरजवळच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. पुस्तकं देणं-घेणं हे काम आता थोडंच उरलंय, पोरं फोनवर वाचतात (किंवा वाचत नाहीत), आणि माझा निम्मा दिवस प्राध्यापकांच्या फायलींत जातो. प्रमोशनची म्हणजे कॅसची फाईल करायची म्हटलं की सगळे आधी लायब्ररीची पायरी चढतात, कुणाला प्लेजरिझमचा, म्हणजे लिखाण चोरलेलं नाही याचा रिपोर्ट पाहिजे, कुणाला अमुक जर्नल अमुक साली यूजीसीच्या केअर लिस्टमध्ये, म्हणजे मान्य जर्नलांच्या यादीत होतं याचा कागद, आणि हल्ली सगळ्यांनाच सायटेशनचा, म्हणजे आपला पेपर दुसऱ्यांनी किती वेळा उद्धृत केलाय याचा दाखला. लेटरहेडवर, शिक्क्यासकट.

मी म्हटलं, सर, तो आपोआप वाढला तर वाढतो, वाढवायला गेलं की वास येतो. ते काही हसले नाहीत. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलीत, प्रोफेसरशिप अडकलीय आणि एका आकड्यावर अडकलीय असं त्यांना वाटतंय. मग म्हटलं बसा, चहा सांगते, आपण हिशोबच करू.

त्यांचे अकरा पेपर. (ओळख पटू नये म्हणून आकडे आणि तपशील जरा इकडचे तिकडे केलेत, गणित मात्र बरोबर आहे.) इश्यू स्लिपच्या मागं उतरत्या क्रमानं सायटेशन लिहिली: ४१, २२, ९, ६, ४, ३, १ आणि पुढं चार भोपळे. एकूण ८६. एच इंडेक्सची रीत सोपी आहे, जितक्या पेपरांना प्रत्येकी निदान तितकी सायटेशन आहेत तो मोठ्यात मोठा आकडा, वरनं मोजत यायचं, चौथ्या पेपरला निदान चार सायटेशन आहेत का, आहेत, सहा आहेत. पाचव्याला निदान पाच आहेत का, नाहीत, चारच. म्हणजे एच चार. दहा किंवा जास्त सायटेशन मिळालेले पेपर दोनच, म्हणून गुगल स्कॉलरचा आय-टेन दोन. आणि लिओ एग्गे यांनी २००६ साली काढलेला जी इंडेक्स लावला तर हाच माणूस नवावर जातो, कारण त्यात वरच्या पेपरांची जादा सायटेशन खालच्या भोपळ्यांना उसनी मिळतात, वरच्या पेपरांची बेरीज त्यांच्या संख्येच्या वर्गाएवढी तरी भरली की झालं, पहिल्या नऊ पेपरांची बेरीज ८६ आणि नऊचा वर्ग ८१, बसलं. बरं, हे सगळं स्कॉलरवरचं. स्कोपस उघडलं तर सरांचे पेपर दिसले तीन, एच दोन.

सर चिठ्ठीकडं बघत राहिले. “मग यातला खरा कुठला?”

सगळेच खरे आहेत, अडचण तीच आहे. स्कॉलर आणि स्कोपस दोन्ही सुरू झाली २००४ साली, पण दोघांचा स्वभाव वेगळा. स्कॉलर जाळं टाकून मिळेल ते ओढतं, पुस्तकं, पीएचडीचे प्रबंध, कुठल्या तरी कॉलेजच्या वेबसाईटवर टाकलेला सेमिनारचा पेपर, सगळं. स्कोपस एल्सेव्हिअर कंपनीचं, ते निवडक जर्नल घेतं आणि त्याच जर्नलांनी दिलेली सायटेशन मोजतं. फिजिक्सवाल्याला या दोन्हींत फार फरक पडत नाही कारण त्याचं सगळं लिखाण जर्नलातच असतं, मॅनेजमेंटवाल्याचं तसं नाही, त्याचं काम पुस्तकात, केस स्टडीत, रिपोर्टात पसरलेलं असतं. ॲन-विल हार्झिंग नावाच्या बाई आहेत, स्वतः इंटरनॅशनल मॅनेजमेंटच्या प्राध्यापक, त्यांनी २००६ साली पब्लिश ऑर पेरिश नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर काढलं, ते स्कॉलरमधनं एखाद्याची सायटेशन गोळा करून सगळे इंडेक्स मांडून देतं. फक्त जर्नलांच्या डेटाबेसवर मोजलं तर आमच्या विषयातल्या लोकांवर अन्याय होतो हे त्यांनी वर्षानुवर्षं दाखवून दिलंय. मी तेच सॉफ्टवेअर वापरते. पण फाईल तपासणाऱ्या कमिटीत कुणी म्हटलं की ‘स्कोपसचंच दाखवा’, तर संपलं.

यात माझी एक खासगी खंत आहे. हे सगळं मूळचं आमच्या धंद्यातलं हत्यार. यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली कल्पना मांडली आणि १९६४ साली सायन्स सायटेशन इंडेक्स काढला तो शोधायला सोपं जावं म्हणून, एक जुना चांगला पेपर हातात आहे, त्याच्यानंतर त्या विषयावर कोण काय बोललं हे कळावं, आणि कुणी त्याला खोडून काढलं असेल तर तेही दिसावं. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलातल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा, तोसुद्धा कुठली जर्नल इंडेक्सात घ्यायची हे ठरवायला आला आणि पुढं ग्रंथपालांना कुठलं घ्यावं, कुठलं बंद करावं हे ठरवायला कामी आला. माणसं मोजायला कुणी केला नव्हता. एच इंडेक्स आला २००५ साली, कॅलिफोर्नियातले फिजिक्सचे प्राध्यापक होर्हे हिर्श यांनी काढला, आणि २०२० साली त्यांनीच लिहून टाकलं की याचे वाईट परिणाम झालेत. म्हणजे ज्यानं काढला त्यानं हात झटकले, आमच्या फायलीत मात्र तो येऊन बसलाय.

कोल्हापुरात हे समजावायला खासबागेचं कुस्तीचं मैदान पुरतं. ५७ किलोचा पैलवान आणि १२५ किलोचा पैलवान यांची जोड कुठला वस्ताद लावत नाही, लावली तर मैदानातली माणसं दगड मारतील. पण सायटेशनमध्ये रोज लावतात. पातळ थर, नॅनो, सुपरकपॅसिटर यांवर काम करणाऱ्यांची जगभर मोठी फौज आहे, सहा-सात जण मिळून पेपर लिहितात, वर्षात भराभर एकमेकांना उद्धृत करतात. शिवाजी विद्यापीठाच्या त्या टेकडीवरच्या बऱ्याच जणांचं नाव स्टॅनफर्डच्या जगातल्या टॉप दोन टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत येतं, पेपरात फोटो येतो, आणि यायलाच पाहिजे, ते काम मोठं आहे. पण दुसऱ्या दिवशी कॉलेजचे संस्थाचालक मॅनेजमेंटच्या सरांना विचारतात, तुमचं कधी? आता ती यादी करणारे जॉन आयोनिडिस यांनी स्वतः विषयवार रँक दिलीय, सेल्फ सायटेशन काढून वेगळी रँक दिलीय, आणि स्कोअर सहा गोष्टींचा मिळून आहे, त्यातली एक सहलेखक किती आहेत त्याप्रमाणे कापलेला एच आहे आणि बाकीच्यांतल्या तीन तुम्ही एकटे, पहिले किंवा शेवटचे लेखक असलेल्या पेपरांच्या सायटेशनच्या आहेत. म्हणजे करणाऱ्यानं वजनगट लावलेत, बातमी करणाऱ्यानं काढून टाकलेत.

सेल्फ सायटेशनचं सांगते. सरांची स्वतःचीच स्वतःला दिलेली काढली तर यादी झाली ३८, २०, ८, ३, ३, २ अशी, एच तीन. सर लगेच बचावाला आले, “मॅडम, गुऱ्हाळावर दुसरा पेपर लिहिताना पहिल्याचं नाव घ्यायचं नाही तर कुणाचं घ्यायचं?” आणि ते बरोबर बोलले. आपण एकाच विषयावर दहा वर्षं काम केलं तर आपलंच नाव येणार. सेल्फ सायटेशनचं पाप करणारे वेगळे असतात, त्यांच्या पेपरखाली वीस संदर्भांची यादी असते आणि त्यातले चौदा स्वतःचे, नाहीतर पाच जणांचा कंपू असतो, तू मला दे मी तुला देतो, भिशीसारखं. भिशी आकड्यात दिसत नाही, नावं उघडून बघितली की पाच मिनिटांत दिसते.

नावांवरनं आठवलं. आमच्याकडं दगड फेकला तर पाटलाला लागतो, आणि स्कॉलर आडनाव आणि इनिशिअल बघून पेपर आपोआप प्रोफाईलला चिकटवतं. एका मॅडमच्या प्रोफाईलला म्हशींच्या कासदाहावरचा पेपर येऊन बसला, कुठल्या तरी व्हेटर्नरी पाटलांचा, चांगली वीसएक सायटेशन असलेला. मॅडम एचआर शिकवतात. म्हणाल्या, राहू दे की, कोण बघतंय. उलट्या बाजूनं बायकांचं नुकसानही तितकंच होतं, लग्नाआधी एस. डी., लग्नानंतर एस. आर. आणि आडनावही दुसरं, निम्मी सायटेशन माहेरी राहतात. २०१२ पासून ऑर्किड नावाचा सोळा आकडी नंबर मिळतो, फुकट मिळतो, तो घेतला की हा घोळ मिटतो, पण आमच्याकडं अजून निम्म्यांनी घेतलेला नाही. घ्या हो तेवढा.

आता मुद्द्याचं, म्हणजे सहलेखकांचं, कारण सायटेशनपेक्षा जास्त गोंधळ तिथं आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात मॅनेजमेंटच्या एका पेपरला दहा गुण आहेत, इम्पॅक्ट फॅक्टर असेल तर वर आणखी. दोघांनी लिहिला तर प्रत्येकाला सत्तर टक्के. दोघांपेक्षा जास्त असतील तर मुख्य लेखकाला सत्तर आणि बाकी प्रत्येकाला तीस. नीट बघा, दोघांची बेरीज एकशे चाळीस टक्के होते. पाच जण असले तर सत्तर अधिक चार वेळा तीस, एकशे नव्वद. दहा जण असले तर तीनशे चाळीस. भाकरी एकच आहे पण पंगतीला जितकी माणसं बसवाल तितकी ती फुगते, मग कोण एकट्यानं जेवेल? नाव टाकायला काय जातंय, हा प्रश्न मी स्वतः स्टाफरूममध्ये ऐकलाय, आणि विचारणाऱ्याला मी वाईट माणूस म्हणणार नाही, त्याला नियमानंच तसं शिकवलंय.

सरांच्या ४१ सायटेशनवाल्या पेपरवर सहा नावं आहेत, त्यातली दोन परदेशातली. कर्मचाऱ्यांची कामातली गुंतवणूक वगैरे विषय, जो जगात सगळीकडं चालतो. मी विचारलं यात तुमचं काम काय होतं. सर प्रामाणिक आहेत, म्हणाले, “एमआयडीसीत फिरून प्रश्नावल्या भरून घेतल्या. गणित त्यांनी केलं, लिहिलं त्यांनी.” मग मी तो पेपर ज्यांनी ज्यांनी उद्धृत केलाय ते उघडता येतील तेवढे उघडले, दोन संध्याकाळी गेल्या. तिघा-चौघांनीच आतलं काहीतरी घेतलं होतं, बाकी सगळीकडं सरांचं नाव कंसात, सात-आठ नावांच्या माळेत, ‘या विषयावर अनेकांनी काम केले आहे’ एवढ्याच अर्थानं. हजेरी लावल्यासारखं. २२ वाला पेपर त्यांनी एकट्यानं लिहिलाय, गूळ अडत्याकडनं घेतलेल्या उचलीवर गुऱ्हाळघरं कशी चालतात आणि त्या उचलीमुळं मालकाच्या हातात भाव का राहत नाही यावर. तो उद्धृत करणाऱ्यांत निम्म्यांनी तरी मांडणी घेतलीय, दोघं त्याच्याशी भांडलेत, एकानं ती आफ्रिकेतल्या कॉफीवाल्यांना लावून बघितलीय. एच इंडेक्सला हा फरक कळत नाही, त्याला दोन्हीकडं चार पुरेत.

आणि भांडून दिलेलं सायटेशनही सायटेशनच असतं हे लोक विसरतात. सुमंत्र घोषाल २००४ साली गेले, त्यानंतर वर्षभरानं त्यांचा एक निबंध छापून आला, मॅनेजमेंटचे वाईट सिद्धांतच चांगला व्यवहार बिघडवताहेत असं सांगणारा, बी-स्कूलवाल्यांच्या वर्मावर बोट ठेवणारा. तो आजही प्रचंड उद्धृत होतो, पटलेलेही करतात, न पटलेलेही. सी. के. प्रल्हाद आणि गॅरी हॅमेल यांचा १९९० चा कोअर कॉम्पिटन्सवरचा लेख तर एमबीएच्या पहिल्या वर्षाच्या पोराला माहीत असतो, तो आला हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत, जे पीअर रिव्ह्यूड, म्हणजे छापण्याआधी त्याच विषयातल्या तज्ज्ञांकडनं तपासून घेणारं जर्नल नाही. आमच्या छाननी कमिटीतल्या एखाद्या कडक माणसानं त्यावर ‘पीअर रिव्ह्यूचा पुरावा जोडावा’ असा शेरा मारला असता, मला दिसतंय डोळ्यांसमोर. आणि त्यातलं किती प्रल्हादांचं, किती हॅमेलचं? सत्तर टक्के, सत्तर टक्के.

२०२५ च्या जूनमध्ये प्राडानं मिलानच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारखीच चप्पल चालवली आणि कुठली, कुणाची, एक शब्द नाही, तेव्हा सगळं गाव पेटलं होतं, मागाहून कंपनीनं मान्य केलं की प्रेरणा भारतीय कारागिरांकडनं घेतलीय. मी तेव्हा स्टाफरूममध्ये म्हटलं होतं की हे सगळं भांडण एका सायटेशनचं आहे. पण जरा पुढं जाऊ. त्या चपलेचा पहिला लेखक कोण? २०१९ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ते दोन राज्यांना मिळून, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे. कितीतरी चपला बनतात अथणीत, नाव आपलं. आणि घरात बघाल तर तळ कापणारा बाप्या, वेणी घालणाऱ्या बायका, आणि दुकानाच्या पाटीवर नाव बाप्याचं. जॉइंट ऑथरशिप काय असते ते कोल्हापुरात एका चपलेत बघून घ्या.

हे फक्त गरिबाघरचं नाही. मोठ्या नावाला मिळालेल्या श्रेयात अजून श्रेय जमा होतं, छोट्याचं झाकलं जातं, याला मॅथ्यू इफेक्ट म्हणतात, १९६८ साली रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञानं त्यावर पेपर लिहिला, एकट्याच्या नावानं. त्यातला बराच ऐवज हॅरिएट झुकरमन यांनी नोबेलवाल्यांच्या घेतलेल्या मुलाखतींतला होता, आणि मर्टननी पुढं स्वतःच कबूल केलं की तो पेपर दोघांच्या नावानं यायला हवा होता. श्रेय कसं लाटलं जातं यावरच्या पेपरात हे झालं! आता त्या पेपरची हजारो सायटेशन कुणाच्या खात्यावर आहेत ते सांगायला नको.

उलट बाजूचं सहकार्य तर कुठल्याच खात्यावर नसतं. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिम्पिकला कुस्तीत ५७ किलोत ब्राँझ जिंकले, ते राजाराम कॉलेजचे विद्यार्थी, आणि जायला पैसे नव्हते तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले हे कोल्हापुरात कुणीही सांगेल. विद्यापीठाच्या लायब्ररीला त्यांचंच नाव आहे, बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर. पदकावर एकच नाव येतं हे ठीकच, पण मी तिथं जाते तेव्हा दरवेळी मनात येतं, याला आपण काय म्हणणार, करस्पॉन्डिंग ऑथर?

आता कुणी म्हणेल मॅडम, मग मोजूच नका. नाही, तसं मी अजिबात म्हणणार नाही, आणि जे म्हणतात त्यांनी मोजायच्या आधीचे दिवस आठवावेत. कुणाचा भाचा, कुठल्या गटाचा, संस्थाचालकांच्या कुठल्या पाहुण्याचा फोन आला, यावर मुलाखती व्हायच्या, आणि अजूनही होतातच म्हणा. गडहिंग्लज, आजरा बाजूच्या कॉलेजात सीएचबीवर तासाच्या पैशात राबणाऱ्या एखाद्या पोरीच्या मागं कुणी नसतं, तिनं कमिटीसमोर मांडलं की माझा हा पेपर इतक्या लोकांनी वापरलाय, तर निदान समोरच्याला मान खाली घालून कागद तरी बघावा लागतो. आकडा हा गरिबाचा वशिला आहे, मी तो काढून घ्यायच्या विरुद्ध आहे. जगात २०१२-१३ ला सॅनफ्रान्सिस्कोचा डोरा जाहीरनामा झाला, २०१५ ला दहा कलमांचा लायडन मॅनिफेस्टो आला, दोन्हींचं थोडक्यात म्हणणं की आकडा तज्ज्ञाच्या निर्णयाला मदत म्हणून वापरा, त्याच्या जागी बसवू नका. छान आहे, पण आमच्याकडं तज्ज्ञ म्हटलं की कोण येणार हे माहीत असल्यामुळं लोकांना आकडाच बरा वाटतो, त्यांचंही चूक नाही.

यूजीसी तर झोके घेतेय. २०१० ला एपीआय, म्हणजे प्राध्यापकांच्या कामाला गुण द्यायची पद्धत आणली तेव्हा रातोरात जर्नलं निघाली, आयएसएसएन हा नियतकालिकांचा नंबर घेतला की झालं जर्नल, पैसे भरा आणि आठ दिवसांत छापून घ्या. ते आवरायला केअर लिस्ट आणली, मग लोक केअरमधल्या जर्नलांच्या नावानं नकली वेबसाईट काढायला लागले, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत लिस्टच बंद केल्याचं जाहीर झालं, आता कुठलं जर्नल चांगलं हे विद्यापीठांनी, कॉलेजांनी ठरवायचं. म्हणजे परत आमच्याच टेबलावर. काही मॅडम-सर तर रडकुंडीला आले होते, ज्या लिस्टसाठी दोन वर्षं थांबले ती गेली.

माझा मामेभाऊ शिरोली एमआयडीसीत फाउंड्री चालवतो, छोटी आहे. मागं त्याच्याकडं गेले होते, ऑफिसच्या दारामागं एक लॅमिनेट केलेला तक्ता टांगलेला, रोजचं रिजेक्शन लिहायचा, कुठल्या पाळीत, कुठल्या पॅटर्नला, ब्लोहोल की सँड, आणि शेवटचा रकाना ‘काल काय बदललं?’ कडा पिवळ्या पडल्यात, बोटांचे काळे ठसे. तो शेवटचा रकाना मी ओळखला. सरांनी पंधराएक वर्षांपूर्वी सुपरवायझर लोकांसाठी मराठीत चाळीस पानांची पुस्तिका केली होती, कॉलेजच्या खर्चानं दोनशे प्रती छापल्या, त्यात हाच तक्ता आहे. भावाला विचारलं कुठनं आणला, म्हणाला शेजारच्या शेडमधनं झेरॉक्स केला, त्यानं उद्यमनगरातनं आणलेला, सगळ्यांकडं हाय की. सरांचं नाव? नाव कुणालाच माहीत नाही. झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये खालची ओळ कापली गेलीय. प्राडावर आम्ही भडकलो, आणि आमच्या शिरोलीनं काय केलं?

त्या पुस्तिकेला सायटेशन शून्य. स्कॉलरला ती दिसत नाही, स्कोपसचा तर प्रश्नच नाही, आणि फाईलमध्ये ती ‘इतर’ या सदरात जाते. उलट वारणेच्या साखर कारखान्याच्या भागाचं बघा, १९९८ च्या सुमाराला वायर्ड व्हिलेजचा, म्हणजे गावोगाव कॉम्प्युटर बसवायचा प्रकल्प आला, त्यावर देशातनं-परदेशातनं किती जणांनी लिहिलं, पुढं २००७ च्या आसपास मायक्रोसॉफ्ट रिसर्चवाल्यांनी गावातल्या कॉम्प्युटरच्या जागी साधे मोबाईल आणि एसएमएस लावून बघितले, कारण ते कॉम्प्युटर मुख्यतः उसाच्या नोंदींनाच वापरले जात होते. चांगलं, उपयोगी काम होतं, मी ते वाचलंय. पण या विषयावरचे पेपर वाचताना लक्षात येतं की वारणेचा शेतकरी, स्लिप बॉय, कारखान्याचा क्लार्क हे सगळे ‘प्रतिसादक’ म्हणून येतात आणि सायटेशन त्यांच्या गावाच्या नावावर जमत नाहीत. शिकलेल्यांच्या जगात कोल्हापूर जिल्हा डेटा पुरवतो, उसासारखाच, गाळप दुसरीकडं.

म्हणून मी काय करते ते सांगते, सल्ला म्हणून नाही, मला पगार त्याचा मिळतो म्हणून. दाखल्यावर आता नुसता आकडा देत नाही. कुठला डेटाबेस, कुठल्या तारखेला बघितला, सेल्फ सायटेशन धरून किती आणि वगळून किती, हे पहिल्या पानावर. दुसऱ्या पानावर त्या माणसाचे वरचे तीन पेपर, प्रत्येकात त्याचं स्वतःचं काम काय होतं (क्रेडिट नावाची एक पद्धत आहे, त्यात कल्पना, माहिती गोळा करणं, विश्लेषण, लिखाण अशा चौदा भूमिका ठरवून दिल्यात, तीच वापरते), कुणाकुणाबरोबर लिहिलंय आणि ती माणसं दरवेळी तीच आहेत की बदलतात, आणि उद्धृत करणाऱ्यांनी त्याचं काय केलं, वापरलं, खोडलं की नुसती हजेरी लावली. एका फाईलला दोन-तीन दिवस जातात. इनफ्लिबनेटच्या आयरिन्स या संशोधकांच्या माहितीच्या पोर्टलवर सहलेखकांचं जाळं चित्रासारखं दिसतं, ते प्रिंट काढून जोडते. कमिटीला इतकं वाचायला वेळ नसतो म्हणतात. पाच माणसं, टीए-डीए घेऊन, जेवण करून, एका उमेदवाराची तीन पानं वाचत नसतील तर मग तिथं जमायचंच कशाला, आकडा तर मी व्हॉट्सॲपवरही पाठवला असता.

सरांचा दाखला केला. पहिल्या पानावर एच चार, सेल्फ वगळून तीन, स्कोपसवर दोन, सगळं लिहिलं. दुसऱ्या पानावर गुऱ्हाळाचा पेपर पहिला घेतला, ४१ वाला दुसरा, आणि तिसऱ्या जागेवर पुस्तिका, शेजारी भावाच्या दारामागच्या तक्त्याचा फोटो, ठशांसकट. सर म्हणाले याला कोण मानणार, मी म्हटलं लावू तर.

परवा एस्टॅब्लिशमेंटच्या क्लार्कचा फोन आला. “मॅडम, सरांच्या फाईलला फॉर्ममध्ये कॉलम एकच आहे, तुमच्या कागदावर तर तीन-चार आकडे दिसायला लागलेत, सर म्हणतात नऊ पण येतो म्हणून, मग नऊ लिहू का?”

“चार लिहा,” म्हटलं, “आणि पुढं तारीख घाला. दुसरं पान काढलं नाही ना?”

“काढलं नाही मॅडम. मागं लावलंय, टाचणीनं.”